आफ्रिकेत मॅरेथॉन आणि सफारी एकाच सहलीत: कोणती शर्यत, आणि आधी काय?

माळरान (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आफ्रिकेत फुल मॅरेथॉन आणि तिला जोडून सफारी असा बेत आहे. विमानप्रवास धरून बारा दिवस हाताशी आहेत. दोघे जण, त्यातला एक फुल धावणार, दुसऱ्याला फार तर पाच किलोमीटर चालायचे आहेत. यादीत चार नावं उरली आहेत: किलीमांजारो (मोशी, टांझानिया), लेवा (केनिया), बिग फाइव्ह (लिंपोपो, दक्षिण आफ्रिका) आणि व्हिक्टोरिया फॉल्स (झिंबाब्वे). वेळेचं लक्ष्य काही नाही, पण रडतखडत संपवायचीही नाही.

यातली कोणती घ्यावी? शर्यत आधी की सफारी आधी? आणि औषधं, सामान, कागदपत्रं यांत लोक नेमके कुठे अडकतात? टूर कंपन्यांच्या माहितीपत्रकात सगळंच छान असतं, म्हणून इथे विचारतोय.

सावकाश

मार्गाचा नकाशा नंतर बघा. शर्यतीच्या आठवड्यात कळप कुठे असतात ते आधी बघा.

किलीमांजारो मॅरेथॉन फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या पहिल्या रविवारी असते. त्या दिवसांत विल्डबीस्टचे कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्डुटूच्या आखूड गवताच्या पठारावर असतात. पिल्लं जन्मण्याचा तोच हंगाम, त्यामुळे सिंह, चित्ते, तरस सगळे तिथेच घुटमळत असतात. नदी ओलांडणाऱ्या कळपांचे फोटो मात्र या सहलीच्या जाहिरातीत दिसले तर दुर्लक्ष करा. मारा नदीचा तो तमाशा साधारण जुलै ते ऑक्टोबरचा. फेब्रुवारीत तिथे जाऊन नुसती नदी दिसेल.

लेवा जूनच्या अखेरीस, शनिवारी. लेवा अभयारण्यातच काळे आणि पांढरे गेंडे आणि बारीक पट्ट्यांचा ग्रेव्ही झेब्रा आहे, तेव्हा शर्यत आणि सफारी एकाच जागी होते. पुढे मसाई मारा जोडायचं असेल तर तारीख नीट बघा. परदेशी प्रौढ पर्यटकाला माराचं प्रवेशशुल्क 30 जूनपर्यंत दिवसाला 100 डॉलर आहे, 1 जुलैपासून 200 डॉलर. शर्यत संपवून दोन दिवसांनी मारात पोचणारा माणूस नेमका या रेषेवर येतो. शिवाय तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं.

बिग फाइव्ह जूनमध्ये, एन्टाबेनी अभयारण्यात. मार्गावर धावणारे आणि प्राणी यांच्यात कुंपण नसतं, रेंजर गाड्या घेऊन आधी रस्ता तपासतात आणि सिंह जवळ असले तर थांबवतात. पण हिची खरी परीक्षा म्हणजे दरीत उतरणारा तीव्र उतार. तोच पुन्हा चढायचा असतो, आणि मधल्या सपाटीवर वाळू लागते. मांड्यांचं काय व्हायचं ते उतारावरच होतं, कळतं मात्र चढावर. दक्षिण गोलार्धात जून म्हणजे हिवाळा. पहाटे हातमोजे घालावेसे वाटतात आणि दहा वाजता टोपीशिवाय चालत नाही.

व्हिक्टोरिया फॉल्स साधारण जुलैच्या सुरुवातीला. उंची 900 मीटरच्या आसपास, मार्ग 1905 सालच्या पुलावर आणि झांबेझी राष्ट्रीय उद्यानात जातो, आणि न धावणाऱ्याला करण्यासारखं गावातच भरपूर आहे. तिथून बोट्स्वानातलं चोबे सुमारे दीड तासावर. कोरड्या मोसमात हत्ती नदीकाठी गोळा होतात, त्यामुळे जुलै बरा. झिंबाब्वे आणि झांबिया दोन्हींसाठी काझा व्हिसा हा एकच व्हिसा 50 डॉलरला मिळतो, 30 दिवस चालतो आणि बोट्स्वानाची दिवसाची फेरीही त्यात बसते. चोबेत रात्र काढली तर तो संपला, परत येताना नवा लागतो. तुमचा पासपोर्ट त्याच्या यादीत आहे का, तेवढं आधी बघा.

दुसऱ्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर: आधी शर्यत. सफारीत दिवसाचे आठ-दहा तास गाडीत बसणं, पहाटे साडेपाचला उठणं, तिन्ही वेळा बुफे, आणि वाटेत उतरावं लागू नये म्हणून लोक मुद्दाम पाणी कमी पितात. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात जे जे टाळायचं, ते सगळं एका पॅकेजमध्ये. उद्यानात गाडीतून उतरायची परवानगी नसते, तेव्हा 'सकाळी अर्धा तास धावून घेऊ' हेही विसरा.

कडेकडेने

सावकाश यांच्याशी सहमत, पण लेवासाठी त्यांचा नियम जरा वाकवावा लागतो.

लेवा सुमारे 1,700 मीटरवर आहे. समुद्रसपाटीवर सराव करणाऱ्याला इतकी उंची चालताना जाणवत नाही, धावताना लगेच जाणवते. वर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तातला द्रवभाग कमी होतो, श्वास वाढतो, झोप उथळ होते. आदल्या दिवशी विमानातून उतरून थेट धावणं जमतं, पण दमछाक वाढते. चार-पाच दिवस आधी पोचलात तर निदान झोप आणि श्वास जागेवर येतात. नैरोबीच जवळपास 1,800 मीटरवर आहे, तेव्हा त्यासाठी वेगळं कुठे जायला नको. हे दिवस लेवाच्या शेजारच्या लाइकिपिया भागात, कुंपण घातलेल्या आवारात चालता-धावता येईल अशा लॉजवर काढा, दिवसाला एकच गेम ड्राइव्ह (प्राणी बघायला गाडीतून फेरी) घ्या आणि पाच-सहा किलोमीटरचे तीन हलके रन करा. मारा शर्यतीनंतरच.

मार्ग सगळा कच्चा. हाफचा 21 कि.मी.चा फेरा, फुलवाले तोच दोनदा घेतात. बहुतेक लोक हाफवाले असल्याने दुसऱ्या फेऱ्यात आजूबाजूला फारसं कुणी उरत नाही, ऊन डोक्यावर येतं आणि सावली जवळपास नाही. पहिल्या फेऱ्यात गर्दीच्या लयीत वाहवत गेलेल्यांचा हिशेब तिथे चुकता होतो. घड्याळावरचा पेस (किलोमीटरमागे लागणारा वेळ) झाकून ठेवा आणि बोलता येईल इतक्याच जोराने पहिला फेरा काढा. नेहमीपेक्षा किलोमीटरमागे 30 ते 45 सेकंद जास्त लागले तर काही बिघडलं नाही. बूट हलके ट्रेलचे, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून घोट्यावर पातळ गेटर (बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण). नाहीतर बारीक माती मोज्यात जाऊन पंधराव्या किलोमीटरला फोड.

प्राण्यांबद्दल: हत्यारबंद रेंजर मार्गावर असतात आणि वरून हेलिकॉप्टर फिरतं. तरीही समोर काही आलंच तर थांबायचं, पळायचं नाही, आणि रेंजर सांगेल ते करायचं. फोन काढायला पुढे सरकणारे लोक हीच तिथली मोठी डोकेदुखी.

डबा-बाटली

औषधं आणि सामान यावर लिहितो, कारण बारा दिवसांची सहल बिघडते ती बहुधा इथेच.

मलेरिया: एन्टाबेनीचा वॉटरबर्ग भाग मलेरियामुक्त मानला जातो. मोशी, सेरेंगेटी, मारा, व्हिक्टोरिया फॉल्स, क्रुगर हे मात्र नाहीत. गोळी डॉक्टर ठरवतील, पण आपण शर्यत धावणार आहोत हे त्यांना सांगा, कारण निवड त्याने बदलू शकते. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला हळवी होते, आणि तुम्ही चार-पाच तास विषुववृत्ताजवळच्या उन्हात असणार. ती परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात. ती स्निग्ध जेवणासोबत घ्यायची असते, रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते आणि नीट शोषलीही जात नाही. म्हणून ती रात्रीच्या जेवणाला बांधून टाका, शर्यतीच्या पहाटे केळं खाऊन घ्यायची वेळ येऊ देऊ नका. कोणतीही गोळी पहिल्यांदा शर्यतीच्या आदल्या रात्री घेऊ नये.

पिवळा ताप: लशीचं प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरलं जातं आणि आता ते आयुष्यभर चालतं. गोची ट्रान्झिटमध्ये होते. केनियातून टांझानियात शिरताना ते मागतात. दक्षिण आफ्रिकेला जाताना नैरोबी किंवा आदिस अबाबा विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तरी मागतात. स्वस्त तिकिटात लांब ट्रान्झिट असतो, तेव्हा हे तिकीट काढतानाच तपासायचं.

केनियाला आता विमानतळावर व्हिसा नाही, जानेवारी 2024 पासून आधी ऑनलाइन ईटीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) काढावा लागतो. किलीमांजारोनंतर झांझिबारचा समुद्र जोडणार असाल तर तिथला 44 डॉलरचा सक्तीचा विमा वेगळा आहे. तुमच्या इतर विम्याने तो भागत नाही.

सामान: सफारीच्या छोट्या विमानांत माणशी साधारण 15 किलो, हातातली बॅग धरून, आणि बॅग मऊच हवी. चाकांची कडक सुटकेस त्या पोटात मावत नाही. धावण्याचे बूट पायात घालून प्रवास करा, शर्यतीचे कपडे, घड्याळ आणि धावताना खायची एनर्जी जेल हातातल्या बॅगेत. जेल सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थ धरतात, म्हणून ती एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत जायला हवीत. आठ-दहा सहज बसतात. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि 2020 पासून उद्यानांत एकदाच वापरायच्या बाटल्यांवरही. तेव्हा एक धातूची बाटली.

कपड्यांत दोन रंग टाळा: गडद निळा आणि काळा. त्सेत्से माशी त्यांच्याकडे ओढली जाते आणि ती कापडातून चावते. धावणाऱ्यांची निम्मी टाइट्स याच रंगांची असतात, ती फक्त शर्यतीपुरती ठेवा. लष्करी छाप्याचे कपडे झिंबाब्वे आणि झांबियात सामान्य माणसाला चालत नाहीत, टोपीसुद्धा.

आणि विमा घेताना 'स्पर्धात्मक शर्यत' वगळलेली नाही ना, आणि दुर्गम जागेहून विमानाने हलवण्याचा खर्च आहे ना, या दोन ओळी शोधा.

माळरान

खूप उपयोगी. पिल्लांचा हंगाम आणि 1,700 मीटर, दोन्ही लक्षात घेऊन किलीमांजारोकडे कल झुकलाय. दुसऱ्या माणसालाही तिथे पाच किलोमीटरचा फन रन मिळतोय. मार्ग कसा आहे? आणि रविवारी धावल्यावर सफारीची गाडी कधी धरावी?

सावकाश

मोशी 800-900 मीटरवर आहे, त्यामुळे उंचीचा त्रास फारसा नाही. त्रास चढाचा आणि उन्हाचा. सुरुवात सहकारी विद्यापीठाच्या मैदानातून. पहिला अर्धा भाग महामार्गावर जाऊन परत, जवळपास सपाट. तुम्ही खुशीत गावात परतता आणि तिथून म्वेकाच्या दिशेने चढ सुरू होतो. 1,100 मीटरच्या वर नेऊन मगच मार्ग वळतो. म्हणजे सगळा चढ दुसऱ्या हाफमध्ये, तापलेल्या डांबरावर. वळल्यावर शेवट उताराचा, पण तोवर मांड्या भरलेल्या असल्या तर तोही सुखाचा नाही. सरावात 25 किलोमीटरनंतर सात-आठ किलोमीटर चढाचे असे दोन-तीन लाँग रन घ्या, उरलेलं बघता येईल.

दिवस असे लावा. गुरुवारी किलीमांजारो विमानतळावर उतरा. मोशी तिथून सुमारे 40 कि.मी. शुक्रवारी बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक) घ्या, शर्यतीच्या सकाळी मिळेल असं धरून चालू नका. रविवारी शर्यत. सोमवार मोकळा, फार तर अरुशापर्यंत 80 किलोमीटर. मंगळवारी न्गोरोंगोरोच्या अलीकडचं कारातू गाव, बुधवारपासून तीन रात्री न्डुटू, शनिवारी न्गोरोंगोरोचं विवर, रविवारी विमानतळ. बारा दिवसांत बसतं. सेरेंगेटीचा परवाना 24 तासांच्या हिशेबाने असतो, म्हणून गाइडने गेटवर कधी शिरायचं हे आधीच ठरवलेलं बरं.

सोमवार मोकळा का, तर लँड क्रूझरची पायरी गुडघ्याच्या वर असते. शिवाय छत उघडलं की प्रत्येक प्राण्याला उभं राहायचं आणि पुन्हा बसायचं, तेही हादरणाऱ्या गाडीत. मॅरेथॉननंतर मांड्या सर्वांत जास्त दुखतात त्या दुसऱ्या दिवशी, आणि हे उठणं-बसणं नेमकं त्यांच्यावरच येतं. मधली रांग मागा, मागच्या चाकावरची सीट जास्त आपटते. दर दोन तासांनी परवानगी असलेल्या जागी खाली उतरून पाच मिनिटं चाला.

कडेकडेने

एक भर. बलून सफारी घेणार असाल तर शर्यतीनंतर निदान चौथ्या दिवशी ठेवा. उतरताना टोपलीत गुडघे वाकवून, पाठ टेकवून घट्ट धरून बसावं लागतं. टोपली कधी सरळ टेकते, कधी आडवी पडून थोडी फरफटते. दुखऱ्या मांड्यांनी ती बैठक धरवत नाही, आणि पायलटने सांगितल्यावर 'जमत नाही' म्हणायची सोय नसते. पायाला फोड आले असतील तर ते झाकल्याशिवाय न्डुटूच्या धुळीत सँडल घालू नका.