गलवानमध्ये गोळी का सुटली नाही?

प्रश्न: १५ जून २०२० ला लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान शहीद झाले, तेही खिळे ठोकलेल्या दांड्यांनी आणि दगडांनी. बंदुका नव्हत्याच का? हे काही केल्या पचत नाही.

उत्तर १: होत्या की! परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनीच तेव्हा सांगितलं होतं. पण १९९६ च्या भारत-चीन करारात प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, असं कलम आहे. एरवी आमनेसामने आले की दोन्हीकडचे जवान ‘ही आमची हद्द, मागे फिरा’ असे फलक धरून उभे राहतात. टीव्हीवर हे कुणी दाखवत नाही, कारण त्यात आरडाओरडा नसतो.

उत्तर २: सप्टेंबर २०२० मध्ये लडाखमधल्याच पँगाँग सरोवराच्या दक्षिणेला गोळ्या सुटल्याच ना? १९७५ नंतर पहिल्यांदा. भारत आणि चीन दोघंही म्हणाले, समोरच्याने झाडल्या.

प्रश्नकर्ता: मग करार राहिला कुठे?

उत्तर १: कागदावर आहे. ताबारेषेवरच्या डेपसांग-डेमचोक भागात अडलेल्या गस्तीचं ठरायला मात्र ऑक्टोबर २०२४ उजाडला. आणि गस्त सुरू झाली म्हणजे तिथे आणून ठेवलेलं सैन्य परत गेलं, असं अजिबात समजू नका.