मदत हवी आहे: पावसाळ्यातल्या लेप्टो ट्रायलसाठी रँडमायझेशन कसं करावं?

मंडळी, मी मुंबईत मेडिसिनची रेसिडेंट आहे. थिसिससाठी सौम्य लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पावसाच्या तुंबलेल्या पाण्यातून होणारा ताप) पेशंट्सवर छोटी ट्रायल करायची आहे: डॉक्सिसायक्लिन की ॲझिथ्रोमायसिन, ताप कशाने लवकर उतरतो? जून ते ऑक्टोबर, साधारण ६० पेशंट.

गाइड म्हणतात, ब्लॉक रँडमायझेशन (म्हणजे छोट्या ठरावीक तुकड्यांत चिठ्ठ्या टाकून दोन्ही औषधांना सारखे पेशंट) कर आणि मोकळी हो. मला मात्र रिस्पॉन्स-अडॅप्टिव्ह पद्धत हवी आहे, म्हणजे ज्या औषधाचा गुण येतोय त्याच्याकडे पुढच्या पेशंटचा कौल झुकवत न्यायचा. संमतीपत्रावर सही करताना नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, दोन्हींतलं चांगलं तेच द्या ना." त्यांना काहीतरी खरं उत्तर देता यावं असं फार वाटतं.

अडचण पावसाची आहे. जूनमध्ये तुरळक केसेस येतात, त्याही अंगावर ताप काढून उशिरा आलेल्या. हिंदमाता, कुर्ल्याला पाणी तुंबलं की आठ-पंधरा दिवसांत ओपीडी भरते आणि तोवर लोक सावध झालेले असतात, दुसऱ्याच दिवशी येतात. त्यांचा ताप कशानेही लवकर उतरेल. कौल तोवर एका बाजूला झुकलेला असला तर त्या औषधाला फुकटचं श्रेय मिळणार ना? आणि चालू प्रमाण ७०:३० झालं तर ते नव्या पेशंटला सांगायचं का?

प्रतिसाद

डॉक्टर, शंका रास्त आहे. या पद्धतीचं सर्वांत मोठं दुखणं तेच. बार्टलेट यांची नवजात बाळांवरची १९८५ची एक्मो (शरीराबाहेरच्या यंत्राने रक्तात ऑक्सिजन भरण्याचा उपचार) ट्रायल वाचा. तिथेही असाच कौल झुकवला होता. १२ बाळांपैकी एकच जुन्या उपचाराला गेलं आणि दगावलं. एक्मोवरची ११ वाचली. एका बाळाच्या तुलनेवर लोकांचा विश्वास बसेना, वाद वर्षानुवर्षं चालला. पुढे ब्रिटनमध्ये १८५ बाळांवर ट्रायल करावी लागली, तिचा निकाल १९९६ला आला.

दोनच गट असतील तर कौल झुकवून बहुधा ट्रायलची ताकद, म्हणजे खरा फरक पकडण्याची क्षमता, घटते. ६० पेशंटमध्ये ते परवडणार नाही. तुम्ही मिनिमायझेशन करा, पोकॉक आणि सायमन यांची १९७५ची पद्धत. तापाचा कितवा दिवस, वय, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) या तिन्हींत दोन्ही गट कुठे असमान झालेत ते प्रत्येक नव्या पेशंटच्या वेळी बघायचं आणि असमानता कमी करणाऱ्या गटाला ८० टक्के संधी द्यायची. उरलेले २० टक्के सोडू नका, नाहीतर पुढचं वाटप वॉर्डात आधीच ओळखता येईल. हेच घटक अंतिम विश्लेषणातही घ्या.

नातेवाइकांना सरळ सांगा, कुठलं चांगलं ते अजून कोणालाच माहीत नाही, म्हणूनच ट्रायल आहे. चालू प्रमाण सांगण्याचा प्रश्न मग उरतच नाही. आणि पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (ट्रायल्सची भारतातली सरकारी नोंदवही) नोंदणी करा.

मूळ लेखिका

आभार! गाइडना हे पटेल. पण रात्री दोनला केस आली तर वाटप कोणी करायचं? फोनवर सांगणारा माणूस वॉर्डाबाहेरचाच हवा, आणि आमच्याकडे स्टॅटिस्टिशियन पाचला घरी जातात. कोणी एक्सेलवर किंवा आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बसवलंय का?