मदत हवी आहे: हाताच्या नसांच्या इजेसाठी क्लिनिकल ट्रायल कशी शोधायची?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करतो, म्हणजे करायचा. गेल्या पावसाळ्यात गाडी घसरली आणि मानेतून उजव्या हातात जाणारं नसांचं जाळं, ब्रेकियल प्लेक्सस, दुखावलं. ऑपरेशन झालंय. कोपर थोडं वाकतं, पंजा मात्र अजून बधिरच आहे. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे वाट बघणं आलंच. पण पोरगा तिशीच्या आतला आहे, नुसतं बसवत नाही.

सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या सरकारी साइटवर शोधतोय. २००९ पासून तिथं ट्रायलची, म्हणजे माणसांवर होणाऱ्या उपचारांच्या चाचण्यांची, नोंद सक्तीची आहे. पण ‘ब्रेकियल प्लेक्सस’ टाकलं की भूल देण्याच्या ब्लॉकच्याच (इंजेक्शननं हात बधिर करायच्या) नोंदींचा ढीग! इजेवरच्या नोंदी वेगळ्या काढायच्या कशा? नोंदीत प्रमुख संशोधकाचा फोन असतो, तर थेट लावला तर चालतो का, की आपल्या सर्जनची चिठ्ठी लागते? ऑपरेशन झालेल्याला घेतात का? ईएमजी-एनसीव्हीचा (नसा आणि स्नायूंच्या तपासणीचा) रिपोर्ट किती जुना चालतो?

एकानं ‘स्टेम सेलची ट्रायल’ म्हणून लाखांत पैसे सांगितले. आणि नोंदणी क्रमांक विचारला तर गप्प! त्याला तिथंच रामराम केला.

पुण्या-मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाऊ, त्याचं काही नाही. पण फेऱ्या बऱ्याच असतील तर प्रवासखर्च मिळतो का? कोल्हापूर, सांगली, बेळगावकडचं कुणी अशा ट्रायलमध्ये गेलं असेल तर कृपया सांगा. संमतीपत्र मराठीत मिळालं होतं का, तेही.