मदत हवी आहे : इमारतीत गॅस डिटेक्टर किती उंचीवर आणि नेमके कुठे लावावेत?

नमस्कार मंडळी,

आमच्या इमारतीत गॅस डिटेक्टर बसवायचं ठरलंय. समितीत विज्ञान शाखेचा मी एकटाच, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. तळमजल्यावर उपाहारगृह आहे, तिथे एलपीजीचे सिलिंडर. वरच्या मजल्यांवर पाइपने येणारा नैसर्गिक वायू. तळघरात पार्किंग आणि जिन्याखालच्या बंद खोलीत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या.

बसवणारा म्हणतो, सगळे डिटेक्टर डोळ्यांच्या उंचीवर लावू. दिवा दिसतो, पुसायला शिडी लागत नाही. मला हे पटत नाही. एलपीजी खाली बसतो एवढं ठाऊक आहे, मग चारही ठिकाणी एकच उंची कशी चालेल? उपाहारगृहवाल्यांना तर डिटेक्टर शेगडीला खेटून हवाय, "गळती तिथेच होणार ना!" आणि चाचणी म्हणून बसवणारा लायटरचा गॅस सोडून दाखवणार आहे. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद :
शंका रास्त आहे. उंची वायूच्या वजनावरून ठरते. एलपीजीतला प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. म्हणून तिथे डिटेक्टर जमिनीपासून ३० सेंटीमीटरच्या आत, पण फरशी धुताना पाणी उडणार नाही आणि समोर पोती-डबे रचले जाणार नाहीत अशा जागी. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, वजन हवेच्या निम्म्याहून थोडंच जास्त, म्हणजे हवेहून बराच हलका. तो वर साठतो. डिटेक्टर छतापासून ३० सेंटीमीटरच्या आत आणि दार-खिडकीच्या वरच्या कडेहून उंच हवा.

बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या असतील तर चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. तो सगळ्यांत हलका आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. बंद खोलीत डिटेक्टरच्या आधी वरच्या बाजूने वारा खेळता करा. डिटेक्टरही हायड्रोजनसाठीचाच घ्या.

गंमत म्हणजे तळघरात तुमचा बसवणारा बरोबर ठरतो. तिथे धोका गाड्यांच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा. त्याचं वजन जवळपास हवेइतकंच, त्यामुळे तिथे नाकाच्या उंचीला, दीडेक मीटरवर, लावलेलं उत्तम.

पण तुमच्या वर्णनात मला खरी काळजी वाटली ती वेगळीच. उपाहारगृहाच्या खाली तळघर आहे. गळलेला एलपीजी जिन्यावरून, उतारावरून, गटाराच्या तोंडातून खाली वाहत जाईल आणि कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरला त्याचा पत्ताही लागणार नाही. तळघरात सर्वांत खोलगट जागी एलपीजीचा डिटेक्टर वेगळा लावाच.

शेगडीला खेटून नको. वाफ आणि तेलकट धूर सेन्सरवर बसतो, खोटे अलार्म वाजू लागतात आणि चार दिवसांत कोणीतरी वैतागून प्लग काढून ठेवतो. दीड-दोन मीटर अंतर ठेवा; एग्झॉस्ट फॅनच्या किंवा खिडकीच्या झोतातही नको. सिलिंडर आणि रेग्युलेटर जिथे आहेत ती जागा शेगडीइतकीच महत्त्वाची.

प्रतिसाद :
लायटरची चाचणी अजिबात करू देऊ नका. त्यातून जवळजवळ शुद्ध गॅस थेट सेन्सरवर जातो. एवढ्या माऱ्यात कुठलाही डिटेक्टर किंचाळेल, आणि कॅटॅलिटिक प्रकारचा (सेन्सरवर गॅस जाळून ओळखणारा) असेल तर बिघडूही शकतो. आपल्याला हवंय ते स्फोटाच्या मर्यादेच्या खूप आधी वाजणं. मिथेनची ही मर्यादा हवेत ५ टक्के, प्रोपेनची २ टक्क्यांच्या आसपास. अलार्म सहसा तिच्या १० ते २० टक्क्यांवर लावतात. ठरावीक प्रमाणाचा कॅलिब्रेशन गॅस मिळतो, त्यानेच तपासून घ्या आणि नोंद लेखी मागा.

रंगकाम, सिलिकॉन सीलंट वगैरे आधी उरका. सिलिकॉनच्या वाफेने कॅटॅलिटिक सेन्सर निकामी होतो आणि वरचा हिरवा दिवा मात्र चालूच राहतो. भिंतीला ड्रिल लावण्याआधी आतून गॅसचा पाइप किंवा वायर गेलीय का ते पाहा. गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, वीज बंद, मगच काम.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. तळघराचं डोक्यातच आलं नव्हतं. पण डिटेक्टर जमिनीलगत आणि छताला गेले तर दिवा दिसणार कसा? आणि एलपीजी व कार्बन मोनॉक्साइड दोन्ही पकडणारा एकच डबा मिळतोय, तो घ्यावा का?

प्रतिसाद :
एकत्र डबा नको, दोघांच्या जागाच वेगळ्या. सेन्सर हेड वेगळं आणि पॅनेल वेगळं अशी रचना मागा. पॅनेल उपाहारगृहाच्या दाराबाहेर डोळ्यांच्या उंचीवर, त्याला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी गॅसची झडप) जोडलेला, म्हणजे अलार्म होताच पुरवठा आपोआप तुटेल. बाहेर एवढ्यासाठी की वाजल्यावर आत जाऊन कोणी बटण दाबू नये. पंख्याचंसुद्धा नाही, ठिणगी तिथेच पडते. आणि खरेदीच्या वेळी सेन्सरची मुदत विचारा. डबा टिकतो, सेन्सर काही वर्षांत बदलावा लागतो.