मदत हवी आहे : शर्यतींचा खर्च कसा आवरता?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. दोन वर्षं रोज पहाटे कमाटीबागेत धावतेय. आता जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अर्धी, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, धावायची फार इच्छा आहे. पण हिशेब मांडला की छातीत धस्स होतं. प्रवेश फी एकवेळ परवडते हो, पण रेल्वेचं जाणं-येणं आहे, आणि शर्यत पहाटेच सुटते म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम आला. त्यात बूट! माझ्या उजव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने इतकी झिजलीय की आतला पांढरा फोम दिसतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलावेत म्हणतात, म्हणजे माझे कधीच संपले.

गेल्या वर्षी एका शर्यतीची फी भरली आणि ऐनवेळी ताप आला. पैसे परत नाहीत, नाव दुसऱ्याला देता येत नाही. फार जीवाला लागलं ते.

तुम्ही वर्षाला किती शर्यती धरता? बडोद्यातलीच एक धरून बाकी नुसता सराव करावा का? बडोद्याहून कुणी जाणार असेल तर मुक्काम वाटून घेऊ, मला नक्की कळवा. आणि मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत घेतलेले बूट लांब पल्ल्याला टिकतात का, तेही सांगा.