परदेशी पलटणीत गेला म्हणून नागरिकत्व जातं?

देवगडकर मामा
काल आपल्या गटावर एकाने लिहिलं, "फ्रान्सच्या फॉरेन लीजनमध्ये जाणाऱ्या पोरांचं नागरिकत्व तिथे सही केली त्याच दिवशी जातं. अशांना गावच्या शिमग्यालाही उभं करू नये." त्यावर साठ जणांनी अंगठे दिले. वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझा भाचा तिथेच जातोय. लीजन म्हणजे परदेशी पोरांना भरती करून घेणारी फ्रेंच सैन्याची पलटण. रोज पहाटे कुणकेश्वरच्या पुळणीवर वाळूने भरलेली गोणी पाठीवर टाकून धावतो. टाचांचे फोड फुटलेत, त्यावर चिकटपट्टी लावतो आणि पुन्हा धावतो. त्याला पॅरा एसएफमध्येच, म्हणजे आपल्या लष्कराच्या कमांडो पलटणीतच, जायचं होतं. कोविडमध्ये 2 वर्षं भरती बंद. 2022 ला अग्निपथ, म्हणजे 4 वर्षांची सैन्यभरती, आली, वयाला एकदाच 23 पर्यंत सवलत मिळाली, आणि नेमका तेव्हा हा मोटरसायकलवरून पडून प्लास्टरमध्ये. लीजन साडेएकोणचाळीस वयापर्यंत घेते. आपल्या खर्चाने फ्रान्स गाठायचं, निवड झाली तर पहिला करार 5 वर्षांचा.

आता कायदा. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सांगतं, स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की इथलं संपलं. परक्या सैन्यात चाकरी केली तर संपलं, असं त्यात नाही. कलम 10 खाली सरकार नागरिकत्व काढून घेतं, पण ते नोंदणीने किंवा अर्ज करून नागरिक झालेल्यांचं. देवगडात जन्मलेल्या पोराला ते लागू नाही. लीजनमध्ये 3 वर्षं झाली की फ्रेंच नागरिकत्व मागता येतं. मागायची सक्ती नाही.

चिपळूणचा फौजी
मामा, कलमं पाठ असली म्हणून प्रश्न सुटत नाही. मी 17 वर्षं नोकरी केली. कसम परेडला जे बोललो ते आजही अंगावर काटा आणतं. लीजनचं ब्रीद माहीत आहे ना? 'लीजन हीच आमची मायभूमी.' मग आपली कुठे गेली?

आणि रशियाचं विसरलात? मदतनीस म्हणून पोरं नेली आणि युक्रेनच्या आघाडीवर उभी केली. काही मेली. 2024 मध्ये पंतप्रधानांना मॉस्कोत विषय काढावा लागला.

देवगडकर मामा
ती पोरं भारतीय नागरिक होती म्हणूनच तर सरकारला विषय काढता आला! तिथेही त्यांचं नागरिकत्व गेलं नव्हतं. आणि फसवून नेलेल्यांची नि डोळे उघडे ठेवून जाणाऱ्याची बरोबरी करू नका.

तुमच्याच फौजेत गोरखा पलटणी आहेत. नेपाळचं नागरिकत्व राखून ते आपल्यासाठी लढले, मेले. त्यांना कोणी भाडोत्री म्हटलं तर तुम्ही ऐकून घ्याल?

चिपळूणचा फौजी
गोरख्यांच्या मागे 1947 चा तीन देशांचा करार आहे. तुमच्या भाच्याच्या मागे कोणता करार आहे? गोरख्यांना मध्ये आणू नका.

वेंगुर्ल्याची लेक
गाववाल्यानू, नागरिकत्व जाणं म्हणजे काय ते माझ्या आतेभावाला विचारा. तो गोव्यातल्या बार्देशचा. आजोबांचा जन्म 1961 च्या आधीचा, पोर्तुगीज अमलातला, त्यावर लिस्बनला नोंद केली, पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि इंग्लंडात स्विंडनला गोदामात लागला. आत्येचे यजमान गेले तेव्हा व्हिसा मिळेपर्यंत बारावा उलटून गेला. ओट्यावर आत्या त्याच्या चपला पुसून ठेवायची, तो येईल म्हणून. कुठली बंदूक धरली होती त्याने? खोकीच उचलत होता ना?

पेडणेकर
बाई, त्याने पासपोर्ट घेतला. नुसती लिस्बनला जन्मनोंद असेल तर नागरिकत्व गेलं की नाही हे त्याच कायद्याच्या कलम 9(2) खाली केंद्र सरकार ठरवतं, पण पासपोर्ट हातात आला की बोलायला जागा उरत नाही. आमच्या वाड्यावर अर्धी घरं कुलूपबंद आहेत. दोन्हीकडचे फायदे हवेत आणि वर रडायचं!

वेंगुर्ल्याची लेक
फायदे? बारा तास थंड गोदामात उभं राहणं फायदा? तुमच्या घरात नोकरी होती म्हणून तुम्ही बोलता. मेलेल्या माणसाच्या बाराव्याचा विषय आहे, जरा जपून लिहा.

पेडणेकर
बाराव्याबद्दल वाईट वाटतं. ते वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

अलिबागचा तांडेल
तुम्ही गोव्यात शिरलात, पण मूळ दुखणं कोणी बोलत नाही. अग्निपथमधून घेतलेले अग्निवीर 4 वर्षांनी चौघांतले तिघे घरी. पेन्शन नाही, माजी सैनिक म्हणून गणती नाही. आमच्या समोर करंजाला मार्कोसचं, म्हणजे नौदलाच्या कमांडोंचं, अभिमन्यू तळ आहे. लहानपणी होडीतून त्या बाजूला बघत आम्ही मोठे झालो. माझ्या थोरल्याला तिथेच जायचं होतं. आता विचारतो, 4 वर्षांत मी कमांडो कधी होणार आणि घरी कधी येणार? याचं उत्तर द्या, मग भाच्याला शिव्या घाला.

चिपळूणचा फौजी
अग्निपथवर माझंही मत तुमच्यापेक्षा वेगळं नाही. पण म्हणून परका झेंडा?

रत्नागिरीची वकील
मामांचं कलम 9 आणि 10 बरोबर आहे. पण पुढचं राहिलं. लोक म्हणतात, फ्रेंच पासपोर्ट घेतला तरी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, काढू आणि येत-जात राहू. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या परदेशी नागरिकाला ओसीआय मिळत नाही. गोदामवाल्या आतेभावाला ते मिळू शकतं, लीजनवाल्या भाच्याला नाही. त्याला दर गणपतीला व्हिसा मागत यावं लागेल.

भारतीय पासपोर्ट ठेवला तर मत देता येतं, कधीही घरी येता येतं. मात्र परदेशी राहणाऱ्या भारतीयालाही शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळते. कलमांची बाग घ्यायचा विचार असेल तर आत्ताच करा.

आणि अमेरिकेची वाट विचारणाऱ्यांना: ग्रीन कार्डावर तिथल्या सैन्यात जाता येतं, पण स्पेशल फोर्सेसना नागरिकच लागतो. म्हणजे तिथे इथलं सोडल्याशिवाय कमांडो होणं नाही. लीजनचं तसं नाही. कॉर्सिकात कॅल्वीला त्यांची पॅराशूट रेजिमेंट आहे, तिथे परदेशी नागरिक राहूनच पोरं उड्या मारतात.

देवगडकर मामा
ओसीआयचं मला माहीत नव्हतं. मी त्याला उलटंच सांगून बसलो होतो. रात्री बहिणीकडे गेलो, वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पासपोर्ट निळाच ठेवतो. 5 वर्षं काढतो, मग बघू." बहीण उठून आत गेली.

चिपळूणचा फौजी
नागरिकत्वाचं तुमचं बरोबर निघालं. त्या शिमग्याच्या वाक्याला मीही अंगठा दिला होता, तो काढला. त्याने जाऊ नये हे मत मात्र कायम आहे.

टाचांवर उघड्या फोडाला चिकटपट्टी लावू देऊ नका, कातडं सोलून निघतं. आत पातळ मोजा, वर जाड, आणि ओल्या वाळूत धावून आला की लगेच पाय कोरडे. गोणी आठवडाभर बंद.