घरच्यांनी मिळून केलेलं समाजकार्य - तुमचे अनुभव सांगा

देणगी देणं आमच्या घरात आधीपासून होतं, पण चेक लिहिणार बाबा आणि पावती जपून ठेवणार आई, मुलांचा त्यात संबंधच यायचा नाही. मुलगी नववीत गेली तेव्हा कळलं की दृष्टिहीन मुलांना दहावीच्या पेपरला लेखनिक लागतो आणि तो खालच्या इयत्तेतलाच लागतो. तिने नाव दिलं. ती आणि पेपर देणारी मुलगी, दोघी आधी बसून सराव करायच्या, कारण सांगणारीने सगळं नीट सांगायचं आणि लिहिणारीने स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही, उत्तर चुकतंय हे दिसत असलं तरी! तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. आता आजोबाही या मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करतात. इतिहास भराभर होतो, पण भूगोलातला एक नकाशा शब्दांत सांगायला अख्खी दुपार जाते, मग नातीला म्हणतात डोळे मिटून ऐक, नदी कुठून कुठे गेली ते कळतंय का.

म्हणून हा धागा काढतेय. किती पैसे दिले ते नको, घरातल्यांनी मिळून काय केलं, मुलांना नक्की काय काम होतं, कोणाच्या उपयोगी पडलं ते लिहा.

*

डोंबिवलीहून. आमचं रक्तदान. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला, त्यामुळे शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा येतो, पण थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच ना, त्यांना कुठली सुट्टी. म्हणून सोसायटीचं शिबिर आम्ही मुद्दाम मे मध्येच घेतो. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी देता येतं, त्या हिशोबाने मी आणि नवरा आधीच्या तारखा धरतो. बऱ्याच बायकांचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली निघतं आणि त्या हिरमुसून परत जातात, तर सासूबाई जानेवारीपासूनच बिल्डिंगमधल्या बायकांच्या मागे लागतात, तपासून घ्या, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्या, अळीव खा. मुलगा अजून अठराचा नाही, तो फॉर्म भरून घेतो आणि रक्त दिलेल्यांना पंधरा मिनिटं उठू देत नाही.

*

आम्ही बार्शीचे. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर मी, बायको आणि दोन्ही पोरं गेलो, स्वतःची फावडी आणि स्वतःचा शिधा घेऊन, कारण ज्यांचं घर बुडालंय त्यांच्याच चुलीवर आपण जाऊन जेवायचं हे मनाला पटत नव्हतं. टेम्पो भरून जुने कपडे येत होते, ठेवायला कोरडी जागा नव्हती. तिथल्या एका मावशींनी सांगितलं खराटे द्या, फिनेल, ब्लीचिंग पावडर द्या, पॅड द्या, नवी अंतर्वस्त्रं द्या, जनावरांना वैरण द्या, साड्या पुष्कळ झाल्या. जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तीच यादी घेऊन गेलो. गाळ ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की कुदळ लागते. पोरगी गाळात शिरली नाही, तिने एका घरातली रेशनकार्डं, शाळेचे दाखले, बँकेची पुस्तकं अलगद सोडवून दोरीवर चिमट्याने वाळत घातली, त्या घराला त्या दिवशी त्याचीच काळजी लागली होती.

*

राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी स्वतः मुलांच्या संस्थेत, म्हणजे बालगृहात वाढलोय, अगदी लहानपणापासून अठरापर्यंत. वाढदिवस करायला खूप कुटुंबं यायची, दिवाळीत तर रांग. लोक मनाने चांगलेच होते, मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पण एखाद्या रविवारी दोन-दोन केक आणि परीक्षेच्या दिवसांत कोणीच नाही, असं चालायचं. आणि ते फोटो! दुसऱ्या दिवशी शाळेत कोणीतरी फोन पुढे करणार, हा तूच ना. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, तरी लोक स्टेटसला टाकतात, हात जोडून सांगतो टाकू नका.

एक कुटुंब मात्र वर्षानुवर्षं शनिवारी यायचं. काका गणित घ्यायचे, काकू शिलाई मशीनवर आमचे उसवलेले गणवेश शिवायच्या, आणि त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, तो आमच्यात कॅरम खेळायचा आणि हरला की चिडायचा. मला ते फार आवडायचं, कारण बाकी पाहुण्यांची मुलं आमच्याशी सांभाळून सांभाळून वागायची, हा एकटा खरा भांडायचा. अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडलो तेव्हा खोली कशी शोधायची, डिपॉझिट म्हणजे काय, दाखले कुठे मिळतात काही माहीत नव्हतं, काका दाखल्यांसाठी माझ्याबरोबर तहसील कार्यालयात आले. आता मी आणि बायको बाहेर पडलेल्या मुलांसाठी तेच करतो. ॲग्रीमेंट वाचून देणं, मुलाखतीला शर्ट इस्त्री करून देणं, आजारी पडला तर डबा. आमची छोटी त्यांना दादा म्हणते, भाऊबीजेला ओवाळते. जेवण द्यायचं असेल तर जरूर द्या, पण आधी फोन करून विचारा कुठला दिवस मोकळा आहे.

*

वरचं वाचून डोळे भरले दादा.

आमचं गाव माण तालुक्यातलं. वॉटर कपच्या वेळी, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, ८ एप्रिल ते २२ मे असं ४५ दिवस श्रमदान असायचं, उन्हामुळं पहाटे नायतर रात्री बॅटऱ्या लावून. आमच्या घरातनं आजीपासून सगळे. डोंगरावर सलग समतल चर काढायचे तर लेव्हल पक्की लागते, चर जरा उताराला गेला की पाणी अडायचं सोडून पळतं. ती लेव्हल हायड्रोमार्करनं, म्हणजे पाण्याच्या नळीवर उंची मोजायच्या साधनानं, माझ्या बहिणीनं काढली, शाळेत होती तेव्हा. फक्की टाकून तिनं रेघ मारायची आणि गावातले मोठे मोठे बाप्ये त्या रेघेवर कुदळ मारायचे, मी बघत राहायचो. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरातून जलमित्र, म्हणजे श्रमदान करायला येणारे स्वयंसेवक, आले, त्यातलं एक कुटुंब आमच्याकडं जेवलं, पोरांच्या हाताला फोड आलेले तरी पाट्या सोडल्या नाहीत. अजून जूनमध्ये त्यांचा फोन येतो, पाऊस झाला का.

*

आजीने नेत्रदान करणार असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. फॉर्मपेक्षा हे घरात माहीत असणं महत्त्वाचं, कारण नेत्रपेढीला फोन घरच्यांनीच करायचा असतो आणि साधारण सहा तासांच्या आत सगळं व्हावं लागतं. ती गेली तेव्हा दादाने पंखा बंद केला, बहिणीने पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला, मी डोक्याखाली उशी दिली. टीम घरीच येते, पैसे लागत नाहीत, चेहरा बिघडत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, डायबेटिस असला तरी सहसा चालतं, हे कृपया लक्षात ठेवा, लोक आपापसातच नाही म्हणून मोकळे होतात.

*

न्यू जर्सीहून लिहितेय. आम्ही इथल्या फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट खाद्यपदार्थ देतात तिथे, डब्यांच्या तारखा तपासायला जातो, लहान मुलांना सगळीकडे घेत नाहीत, वयाची अट आधी विचारा. तिथे येणारी काही भारतीय मंडळी मांसाचे डबे बाजूला ठेवतात हे मुलानेच पाहिलं, मग आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रत्येक घराने डाळ-तांदळाचं पाकीट आणायचं असं ठरवलं, आणि मोजून गाडीत भरायचं काम मुलांकडे. आता मसाले आणि चहा पण द्यावा असं वाटतंय. अजून कुठल्या मंडळात असं चालतं का? फूड बँकवाले सुटी डाळ घेतात का सीलबंदच लागते, तेवढं कोणाला माहीत असेल तर सांगा.